उसाच्या बेटावरची मुलं

हवाईतलं कवाई हे १९५५ साली उसाच्या मळ्यांचं बेट होतं. मळ्यांत राबणारी बरीच कुटुंबं जपान आणि फिलिपिन्समधून आलेली, काही मूळची तिथलीच. त्या वर्षी बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती चाळिशीला येईपर्यंत काढला.

यातल्या सुमारे एकतृतीयांश मुलांचं नशीब पाळण्यातच खडतर होतं. गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं, दारू, आईचा किंवा बापाचा मानसिक आजार, असं चार-चार बाजूंनी संकट. त्यातली बरीच पुढे अडखळली, पण ७२ जणं धडधाकट, कर्तीसवरती निघाली. त्यांच्या घरात निदान एक माणूस हक्काचं होतं. ते आईबापच असतील असं नाही. आजी, मावशी, थोरली बहीणही चालली. शिवाय धाकट्याला सांभाळण्यासारखं एखादं काम त्यांच्यावर विश्वासानं सोपवलेलं असे. मला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. अठराव्या वर्षी वाया गेलेली म्हणून धरलेली कित्येक मुलं तिशीत सावरली. कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला सैन्यात नोकरी, कुणाला समजूतदार जोडीदार. दहावीच्या निकालावर पोराचं भविष्य सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

दुसरा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या आयोवाचा. १९८०च्या दशकात तिथं जमिनीचे भाव कोसळले, कर्जं फिटेनात, शेतं लिलावात निघाली. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी १९८९ पासून ४५१ कुटुंबांचा पाठपुरावा केला. पैशाची चणचण मुलापर्यंत थेट पोचत नाही, हे त्यांनी दाखवलं. आधी बाप खचतो, आई खचते, दोघांत खटके उडतात आणि तो राग पोरांवर निघतो. ही साखळी जिथं तुटली तिथली मुलं टिकली. जमिनीशी नातं न तुटलेल्या घरांत आजी-आजोबा जवळ होते, आईवडील शाळा-चर्चच्या कामात होते आणि मुलांच्या कष्टांची घराला खरोखर गरज होती. अर्थात ही गोरी, आईबाप दोघंही असलेली घरं; तिथला निष्कर्ष सगळीकडे लावता येणार नाही. जॉर्जियाच्या खेड्यांतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांवर जीन ब्रॉडी आणि वेल्मा मरी यांनी केलेलं काम म्हणूनच त्याच्या शेजारी ठेवावं लागतं.

आपल्याकडे ऊस आहे आणि कर्जही. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड मजुरांची जोडपी, म्हणजे कोयते, निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवराबायको फडात राबतात. मुलं गावी आजीपाशी राहतात, हंगामी वसतिगृहात जातात, नाहीतर पाचटात बसून धाकट्याला जोजवतात. कवाईतल्या मुलावर सोपवलेलं काम आणि फडात शाळा बुडवून करावं लागणारं काम यांत फरक आहे. सोसणाऱ्या पोराचं कौतुक करून उचलीच्या व्यवहाराला मोकळं सोडणं, हा या संशोधनाचा सरळ गैरवापर ठरेल. मात्र पोरं सांभाळणाऱ्या आजीला कोणत्याही योजनेत नाव नाही, असं व्हायला नको. टिकाव तिच्याच जिवावर धरला जातो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात शाळा नेली, तेव्हा मुलाचा आधार त्याच्या घराजवळच असतो, हे ओळखलं होतं. आता मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठानं ऊसतोडीच्या गावांत एका वर्षी जन्मलेली मुलं निवडावीत आणि ती चाळिशीला येईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नये.