भातखाचरातली मुसंडी

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या डोंगरउतारांवर, कारवीच्या दाटीत आणि ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात रानडुक्कर आढळते. त्याचे शास्त्रीय नाव सुस स्क्रोफा. मानेपासून पाठीवर गेलेली राठ केसांची आयाळ ही भारतीय उपजातीची खूण. पूर्ण वाढलेला नर १०० किलोंच्याही वर भरतो.

या प्राण्याचे सारे जगणे नाकावर चालते. नजर अधू, पण घ्राणेंद्रिय विलक्षण तीक्ष्ण. नाकाच्या टोकाशी कूर्चेची चकती आणि तिला आधार देणारे लहान हाड असल्याने तो मुसंडी खुपसून नांगरासारखी जमीन उकरतो. कंद, मुळे, गांडुळे, हुमणी, पडलेली फळे, प्रसंगी मेलेले जनावरही त्याला चालते. खूर दुभंगलेले असले तरी तो रवंथ करत नाही. घामाने अंग थंड ठेवण्याची सोय नाही, म्हणून चिखलात लोळणे; वाळलेला चिखल गोचिडांनाही आवरतो.

कळप माद्यांचा आणि पिल्लांचा. मोठे नर बहुधा एकटे फिरतात. सुमारे चार महिन्यांच्या गर्भारपणानंतर मादी गवत-काटक्यांच्या घरट्यात साधारण चार ते सहा पिल्ले देते. अंगावरचे पट्टे त्यांना झाडीत लपवतात, तरी बिबट्याच्या तोंडी बरीच जातात. नराचे वरचे सुळे खालच्यांवर घासून त्यांना धार लावतात. जखमी किंवा कोंडीत सापडलेला नर थेट अंगावर येतो.

आफ्रिकेतला वॉर्टहॉग याचा दूरचा भाऊबंद. तो दिवसा चरतो, तेही पुढचे पाय मनगटात दुमडून, आणि रात्री बहुधा दुसऱ्या प्राण्याने खणलेल्या बिळात झोपतो. आपल्या रानडुकराने शेतीजवळ उलटा दिनक्रम धरला आहे: दिवसा जाळीत, रात्री शिवारात.

इथली खाचरे रानाला लागूनच आहेत. भात चिकात आले की कळप उतरतो. खाण्यापेक्षा तुडवणे जास्त. शिवाय गांडुळांसाठी बांध उकरले जातात, आणि खाचरातले पाणी वाहून जाते. ही हानी पंचनाम्यात क्वचितच नीट मोजली जाते.

पीकनुकसानीची भरपाई वन विभाग देतो. त्यासाठी तक्रार तातडीने नोंदवावी. कुंपणात थेट वीज सोडणे मात्र बेकायदा आहे, आणि त्या तारेला माणसेही चिकटून मरतात.