‘स्ट्राइक’ आणि ‘संप’

काम बंद ठेवण्याला इंग्रजीत ‘स्ट्राइक’ म्हणतात, हे हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालालाही ठाऊक आहे. पण हा शब्द आला कोठून, हे पुष्कळ शिकलेल्यांसही ठाऊक नसते. आम्ही कामगार चळवळीतील माणसे तो रोज वापरतो. तेव्हा त्याची विचारपूस करणे आमच्याकडेच येते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाचा अर्थ हलकेच हात फिरवणे, घासत जाणे असा होता. धान्याच्या मापावरची शीग ज्या काठीने पाडतात, त्या काठीलाही पुढे हेच नाव पडले. मग शब्दाला प्रहाराचा अर्थ चिकटला. घड्याळाचा ठोका, आगकाडी ओढणे, तंबू किंवा शीड उतरवणे, हे सारे त्या एका शब्दात मावले. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडे उतरवून ती जागीच अडवली, आणि काम थांबवण्यास ‘स्ट्राइक’ हे नाव मिळाले. मालकावर उगारलेल्या हाताशी त्याचा संबंध नाही. तो शिडाशी आहे.

आता आपले शब्द पाहा. हरताळ म्हणजे हाटाला टाळे. तो दुकानदाराचा शब्द. संप निराळा. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा. इंग्रजी शब्द काय केले ते सांगतो, आपला शब्द कशाच्या बळावर केले ते सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही कामगारांनी मिळून काम थांबवणे हीच संपाची खूण धरली. एकट्याने घरी बसणे ही गैरहजेरी. सर्वांनी ठरवून बसणे हा संप.

१९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. १८ जानेवारी १९८२ रोजी तेथेच सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. एकोपा दांडगा होता. पण महिन्यांमागून महिने लोटले, घरातले धान्य सरले आणि कित्येकांना गावची वाट धरावी लागली.

तात्पर्य, एकोपा घोषणांवर टिकत नाही. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला संपावर बोलावण्यापूर्वी घरात किती दिवसांचे पीठ आहे, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे. त्या पिठाची तजवीज हाच संपाचा पहिला दिवस होय.