दातांची प्लेट आणि डोळ्यांची भीती

मुलीचे दात पुढे असले तर लग्नाला अडचण, आणि सरळ करून घेतले तर म्हणे डोळे जातात! दोन्हीकडून भीती घालणारी माणसे आपल्या आसपास कमी नाहीत.

म्हसा गावाजवळच्या एका ओळखीच्या घरातली हकीकत. मुलीच्या दातांना मुंबईच्या एका दवाखान्यात क्लिपा लावल्या होत्या. एस.टी.ने मुरबाड, मुरबाडहून कल्याण, पुढे लोकल. वडिलांनी दर महिन्याला एका दिवसाची मजुरी बुडवून दोन वर्षे ही ये-जा केली. दात सरळ झाले, क्लिपा निघाल्या आणि डॉक्टरांनी टाळूला बसणारी तारेची प्लेट दिली. तिलाच रिटेनर म्हणतात. चार दिवसांत पोरीचे डोके दुखले. आजी म्हणाली, "वरच्या दातांच्या शिरा डोळ्याला जातात गं, काढून ठेव ती." प्लेट फडताळात गेली आणि काही महिन्यांत दात पुन्हा पुढे सरकू लागले.

आजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. चेहऱ्याच्या वेदना मेंदूकडे नेणाऱ्या मोठ्या नसेला तीन फाटे असतात. एक कपाळ व डोळ्याकडचा, दुसरा वरच्या जबड्याचा, तिसरा खालच्या जबड्याचा. म्हणून दाढ ठणकली की कानशील आणि डोळाही ठणकल्यासारखा वाटतो. पण दृष्टीची नस वेगळीच आहे, तिचा दाताशी संबंध नाही. प्लेटने नजर कमी होत नाही, बुद्धीही मंद होत नाही. नवी प्लेट आवळते, त्यामुळे दात थोडे दिवस दुखतात, लाळ जास्त सुटते, 'स' आणि 'श' बोबडे येतात. हे आपोआप जाते. डोके दुखतच राहिले तर प्लेट दाखवून घ्यावी आणि मुलीचे डोळेही तपासावेत. कदाचित चष्मा लागला असेल!

दात परत का सरकतात? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बारीक तंतूंनी धरलेला असतो. हिरड्यांतले ताणलेले तंतू कित्येक महिने त्याला जुन्या जागी ओढत राहतात. तोवर प्लेट हवीच, आधी दिवसरात्र, मग डॉक्टर सांगतील तेव्हा फक्त रात्री.

खरी काळजी वेगळ्याच गोष्टींची करावी. न धुतलेल्या प्लेटखाली बुरशी वाढते, टाळू लाल होतो, हिरड्या सुजून रक्त येते. या रक्ताळलेल्या हिरड्यांतून जंतू शरीरात शिरतात. निरोगी माणसाचे शरीर बहुधा त्यांना मारून टाकते. परंतु लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि हृदयाची झडप खराब झाली, असे रुग्ण आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्या झडपेवर हे जंतू बसले तर जिवावर बेतते. अशा मुलाच्या आईने दातांच्या डॉक्टरांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी. मधुमेह किंवा फिट येत असेल तर तेही सांगावे.

प्लेट रोज गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवावी. उकळत्या पाण्यात टाकली की ती वाकडी होते. जेवताना काढली तर डबीत ठेवावी. कागदात गुंडाळलेली प्लेट केरात जाते, असा अनुभव घरोघरी आहे.

तुटलेली प्लेट मात्र तोंडात अजिबात ठेवू नये. तुकडा गिळला गेला तर तारेचा आकडा अन्ननलिकेत रुततो. एक्स-रेत तार दिसते, प्लास्टिक बहुधा दिसत नाही. म्हणून "फोटोत काही नाही" म्हटले तरी काय गिळले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, उरलेला तुकडा सोबत न्या. केळी खाऊ घालून तो खाली ढकलू नका.

बरेच दिवस काढून ठेवलेली प्लेट बसत नसेल तर जोर लावू नये. मुंबईत सी.एस.एम.टी.जवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. जिथे उपचार झाले तिथला जुना केसपेपर आणि ती प्लेट, दोन्ही बरोबर न्यावे.