पांढरा डाग दिसला, तो कोडच का?

कपाळावरची टिकली काढावी आणि खाली नेमका तिच्याच आकाराचा पांढरा ठिपका दिसावा, की घरातले सारे गप्प होतात. मुलगी उपवर असेल तर डॉक्टरांआधी लपवाछपवी सुरू होते. या भीतीला एका जुन्या शब्दाचाही हातभार लागला आहे. कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हटले गेले आणि कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नसलेला हा विकार त्याच्या पंक्तीला जाऊन बसला. वास्तविक दोन्ही डाग नीट पाहिले तर निराळे दिसतात.

कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो, त्याची कडा स्पष्ट असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच रोगप्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्यात नष्ट होतात. जातो तो केवळ रंग. बाकी त्वचा जशीच्या तशी राहते. डागावर कोंडा नसतो, खाज बहुधा नसते आणि कापसाचा बोळा फिरवला तर स्पर्शही नेहमीसारखा कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा मात्र फिकट वा लालसर असतो आणि तेथील संवेदना बहुधा मंदावलेली असते. शिवाय कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. कोड स्पर्शाने वा सहवासाने पसरत नाही.

डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, बोटांच्या टोकांना, कोपर-गुडघ्यांवर हे डाग प्रामुख्याने दिसतात आणि बरेचदा जोडीने येतात: उजव्या हातावर उमटला की डाव्यावरही. दुसरा प्रकार शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा पसरतो. तो बहुधा लहान वयात सुरू होतो आणि काही काळाने स्थिरावतो. डागावरचे केसही कधी पांढरे होतात. परकराची नाडी किंवा चपलेचा पट्टा सतत घासतो तेथेही नवा डाग उमटू शकतो.

टिकलीखालच्या डागाची कथा थोडी वेगळी आहे. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल हे रसायन असते आणि ते रंगपेशींना मारक ठरते. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे ती टिकली तत्काळ बंद करणे. कुंकवाने डाग झाकून वर पुन्हा तीच टिकली लावणे, हा प्रकार तर आगीत तेल ओतण्याचाच!

प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. घामाच्या दिवसांत मानेवर, पाठीवर उठणारी शिबे बुरशीमुळे येतात; नखाने खरवडले की त्यांतून बारीक कोंडा निघतो. मुलांच्या गालांवरील फिकट, खरखरीत चट्ट्यांचे खापर घरोघरी जंतांवर फोडले जाते, पण ती बहुधा कोरड्या त्वचेची तक्रार असते. शंका उरलीच तर त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत 'वूड्स लॅम्प'च्या अतिनील प्रकाशात डाग पाहतात. कोड असेल तर तो निळसर-पांढरा उजळून दिसतो.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) या मराठी चित्रपटाने कोड असलेल्या तरुणीलाच नायिका केले. समजुती मात्र चिवट आहेत.

मलमे आणि अतिनील किरणांचे उपचार यांना चेहऱ्यावरील डाग चांगला प्रतिसाद देतात. बोटांची टोके आणि ओठ हट्टी असतात. रंग परतू लागतो तेव्हा पांढऱ्या डागात केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके उगवतात आणि हळूहळू एकमेकांत मिसळत जातात. डाग आणखी बिघडला, असे वाटून अनेक जण नेमके याच टप्प्यावर औषध सोडून देतात.