वीज गेल्यानंतरची वीज
छतावर सौर पॅनेल असूनही पुरवठा खंडित होताच पेढी अंधारात बुडते, तेव्हा अनेक व्यापाऱ्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. ती फसवणूक नव्हे. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर अशा वेळी मुद्दामच थांबतो. चालू राहिला, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातील तारेत आपल्याच छतावरची वीज उतरेल.

हायब्रिड इन्व्हर्टर आतील रिलेने ग्रीडपासून विलग होतो आणि बॅटरीच्या आधारे केवळ बॅकअपच्या टोकाला वीज देतो. त्या टोकासाठी स्वतंत्र वितरण पेटी हवी. तीत दिवे, पंखे, संगणक घ्यावेत. एसी, गिझर जुन्याच पेटीत बरे. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे 5 युनिट मावतात. अर्ध्या किलोवॅटचा भार आठेक तास निघतो.

चूक बहुधा न्यूट्रलमध्ये होते. फेज नव्या पेटीत येतो, न्यूट्रल जुन्याच पट्टीवर राहतो. मग आरसीसीबी वारंवार ट्रिप होतो, आणि घाईतला कारागीर तोच काढून टाकू पाहतो. धक्क्यापासून वाचवणारे साधन ते. मालकाने येथे अडून बसावे. न्यूट्रलही नव्या पेटीत आणवून घ्यावा आणि कारागीर निघण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून कोणते दिवे तेवत राहतात ते स्वतः पाहावे.