उतारवयातील कान आणि षड्ज

तारुण्यात मानवी कानास सुमारे 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. परंतु अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी, ज्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत, वयोमानाने निकामी होऊ लागल्या, की प्रथम उच्च स्वरांचा प्रदेश हातचा जातो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव नग घासून साफ करण्याच्या, कर्कश नादात ज्याची उमेद सरली, त्याच्या श्रवणास 4,000 हर्ट्झच्या आसपास निराळीच खोच पडते. कायद्याने आठ तासांच्या पाळीस घातलेली 90 डेसिबलची मर्यादा केवळ दप्तरी राहिली, तर दुसरे काय होणार?

स्वरज्ञानाची गोष्ट अधिक विलक्षण आहे. निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे आधारस्वराविना कोणताही स्वर ओळखण्याची शक्ती, लाभलेल्या वादकांना उतारवयात परिचित रचना अर्ध्या-एका स्वराने चढी भासू लागते. रशियन पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तर यास हा उपद्रव फार जाचला. ज्याचा षड्ज तंबोऱ्यावर स्वेच्छेने ठरतो, त्या आमच्या गवयास तो तितका बाधत नसावा. स्मरणाची तऱ्हा मात्र वेगळी: नवी चाल क्षणभर मनात धरणे वृद्धास जड जाते, तथापि तारुण्यात मुरलेली चीज सहसा ढळत नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई अल्लादियाखाँ (1855–1946) साठी उलटल्यावरही गायिका केसरबाई केरकरांना तालीम देत होते.