फुकटचे हजार आणि तीस हजारांची अट



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. बोरी अरबला माझी बहीण राहते. घरावरचे टिनपत्रे जुने झालेले, जागोजागी गळणारे. बचत गटातून तिने बारा हजार रुपये कर्ज उचलले आणि ते मुलाच्या खात्यावर ठेवले. मुलगा जिनिंगमध्ये कामाला, कष्टाळू. दारू नाही, खर्रा नाही. आठ दिवसांनी पत्रे आणायला दारव्ह्याला जायचे ठरले तेव्हा खात्यात एक हजार रुपये शिल्लक होते.

भाच्याला मी समोर बसवले. खाली मान घालून तो म्हणाला, "मामा, मी जुगार नाही खेळलो. ते हजारावर हजार फुकट देऊन राह्यले होते. फुकटचं घ्याले का हरकत हाये, असं वाटलं."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. कारण हाच प्रश्न आपल्या वस्त्यांतले अनेक तरुण विचारतात. कंपनीच पैसे देते म्हणते, मग घेतले तर बिघडले कोठे? मी कॉमर्स शिकलेला साधा कारकून. प्रश्न हिशेबाचा आहे, म्हणून आधी हिशेबानेच उत्तर देतो.

पैसे दिसतात, पण हातात येत नाहीत

भाच्याच्या मोबाईलवर एक लिंक आली होती. हजार रुपये भरा, आम्ही आणखी हजार देतो. त्याने भरले. खात्यावर दोन हजार दिसू लागले. दुसऱ्या रात्री नशिबाने साथ दिली आणि आकडा ५,२०० वर गेला. शहाण्या माणसासारखे त्याने पैसे काढायला बटण दाबले. उत्तर आले : तुम्ही आतापर्यंत ११,६०० रुपयांचे डाव लावले आहेत, अजून १८,४०० रुपयांचे डाव लावा, मगच रक्कम काढता येईल.

ही अट बारीक अक्षरांत, इंग्रजीत, आधीच लिहिलेली होती. बोनसच्या तीसपट उलाढाल. म्हणजे हजार रुपये बोनस घेतला की एकूण तीस हजारांचे डाव लावल्याशिवाय बोनस तर नाहीच, पण आपण जिंकलेले पैसेही अडकून पडतात. मुदत सात दिवसांची. पोरगा रात्रभर अट पुरी करायला खेळत राहिला. पहाटे शिल्लक शून्य. मग संदेश आला : आणखी भरा, आणखी बोनस घ्या. नव्या बोनसला नवी अट. असे करत घरचे अकरा हजार गेले.

लक्षात घ्या, दुसऱ्या रात्री तो थांबू पाहत होता. त्याला थांबू दिले नाही ते त्या फुकटच्या हजाराने. बोनस म्हणजे बक्षीस नव्हे, गुराच्या गळ्यातले दावे आहे.

पाटीवरचा हिशेब

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी पोरांना बसवून फळ्यावर हिशेब मांडला. तोच येथे देतो.

जुगाराच्या प्रत्येक खेळात चालवणाऱ्याचा वाटा आधीच कापलेला असतो. आपला जुना मटकाच घ्या. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा जणांनी एकेका आकड्यावर एकेक रुपया लावला तर दहा रुपये गोळा झाले. ज्याचा आकडा लागला त्याला नऊ मिळाले. एक रुपया मालकाचा. कोणीही जिंको, शंभरातले दहा त्याचे.

आता समजा मोबाईलवरच्या खेळात मालकाचा वाटा शंभरामागे फक्त चार रुपये आहे. तीस हजारांच्या उलाढालीवर चार टक्क्यांनी होतात बाराशे रुपये. म्हणजे बोनस हजाराचा आणि तो सोडवून घेण्याचा सरासरी खर्च बाराशेचा. वाटा दहा टक्के असेल तर खर्च तीन हजार.

एक पोरगा हुशार निघाला. म्हणाला, "वाटा कमी असलेला खेळ शोधला तर?" प्रश्न रास्त आहे. युरोपातल्या चक्राच्या खेळात ३७ घरे असतात आणि एका घरावर जिंकले तर ३५ पट मिळतात. मालकाचा वाटा साधारण २.७ टक्के. तीस हजारांवर खर्च ८११ रुपये. म्हणजे कागदावर १८९ रुपये आपल्याकडे उरतात! पण अटींचे पुढचे कलम वाचा. अशा खेळातले डाव बहुधा पूर्ण धरत नाहीत. शंभराचा डाव लावला तर दहाच मोजतात, किंवा मोजतच नाहीत. शंभरातले दहा मोजले की तीस हजारांचे तीन लाख होतात. कोठे अट बोनसवर नसून भरलेली रक्कम अधिक बोनस यांवर असते, तेव्हा तीस हजारांचे साठ हजार होतात आणि ८११ चे १,६२२. शिवाय एका डावाची कमाल मर्यादा, पैसे काढण्याची कमाल मर्यादा, दिवसांची मुदत.

तेव्हा प्रामाणिक उत्तर असे : अट पाचपट असेल आणि वाटा चार टक्के असेल तर खर्च दोनशेचा, बोनस हजाराचा. असा सौदा हिशेबात फायद्याचा आहे, हे मी लपवणार नाही. पण तोही सरासरीचा हिशेब झाला. सरासरी लाखो डाव पाहणाऱ्या मालकाला लागू पडते. हजार-दोन हजार घेऊन बसलेला मजूर पोरगा सरासरी येण्याआधीच रिकामा होतो. आणि जिंकलात तरी पैसे देणारा कोण, कोठला, हे तुम्हाला ठाऊक नसते.

कापसाच्या भावापासून मोबाईलपर्यंत

हा धंदा आपल्याला नवा नाही. आपला जिल्हा कापसाचा. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर आकडे लावत. ते भाव येणे थांबल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीला आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. त्यात गिरणी कामगारांच्या पगाराचे पैसे गेले. कापूस पिकवणारा कर्जात, कापूस कातणारा आकड्यात, अशी गत झाली.

श्रीमंतही यात सुटत नाहीत. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने गोंदियाच्या बुकीविरुद्ध तक्रार दिली. सुरुवातीला सुमारे पाच कोटी जिंकलो आणि शेवटी ५८ कोटी गमावले, असे त्याचे म्हणणे होते. गोव्याच्या कॅसिनोत प्रवेशाच्या पाकिटात ज्या सोंगट्या मिळतात, त्यांतही अनेकदा एकदाच खेळायच्या सोंगट्या असतात. त्या काउंटरवर देऊन रोख घेता येत नाही. नाव वेगळे, युक्ती तीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला त्यात गुन्हेगार धरलेले नाही. म्हणून फसलेल्यांनी लाजेने गप्प बसू नये. पण कायदा झाल्यावरही भाच्याला लिंक आलीच, हे विसरू नका.

सिगालाला सांगितलेल्या सहा गोष्टी

काही जण म्हणतात, पंचशीलात जुगाराचे नाव कोठे आहे? त्यांनी सिगालोवाद सुत्त वाचावे. राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला संसाराची शिकवण दिली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयासाठी हीच शिकवण घेतली आहे. सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर वाढते. हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो. हातचे धन जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र तुच्छ लेखतात. आणि त्याला कोणी मुलगी देत नाही, कारण तो बायकोला पोसणार नाही असे लोकांना वाटते.

भगवंतांनी यात पापपुण्याची भीती घातली नाही, पुढच्या जन्माचा धाक दाखवला नाही. डोळ्यांना दिसणारे परिणाम सांगितले. आमच्या घरी ते दिसले. दिग्रसकडची सोयरीक जुळत आली होती, ती बोलणी थांबली. गटाच्या बैठकीत बहिणीला चार बायांसमोर मान खाली घालून हप्ता पुढे ढकला म्हणावे लागले. जुगार पोराने खेळला, सभेत शब्द गेला आईचा.

ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून लंडनच्या विद्वानांना रुपयाचा हिशेब समजावला, त्यांची लेकरे आपण. घामाचा रुपया कोठे जातो, हे आपल्याला कळले पाहिजे.

घरात काय करावे?

गटाचे किंवा फीचे पैसे खेळाच्या मोबाईलशी जोडलेल्या खात्यात ठेवू नका. आईच्या नावाचे वेगळे खाते असू द्या. बोनसची जाहिरात दिसली की तीन गोष्टी विचारा : उलाढाल किती पट, मुदत किती, आणि पैसे कधी काढता येतील. उत्तर मराठीत एका ओळीत मिळत नसेल तर तेथेच थांबा. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. उशीर झाला की पैसा पुढे पुढे सरकतो. आणि पोराला मारझोड करू नका. मार खाल्लेला पोरगा पुढच्या वेळी सांगत नाही, लपवून कर्ज काढतो.

भाचा आता दर आठवड्याला पाचशे रुपये आईच्या हातात देतो. बावीस आठवड्यांत अकरा हजार फिटतील, व्याज वेगळे. पत्रे पावसाळ्यानंतर आले. तो पावसाळा बहिणीने चार भांडी घरभर मांडून काढला. रात्री भांड्यात थेंब पडला की पोरगा उठून बसायचा, असे ती सांगते. फुकटच्या हजाराची खरी किंमत त्या भांड्यांत साचत होती.

जयभीम. नमो बुद्धाय.